पहले पट्टा, मंग पत्ता

आमच्या गल्लीतले रंगारी काकाजी खाटेवर बसले का पहले कमरेले दुपट्टा गुंडाळत, त्याची गाठ खाटेच्या दांडीले मारत, अन् मंगच चहाले हात लावत. खाट कुठी जाऊन राहिली नाही, चार पायावर उभी हाय, पण काकाजी बांधून. न्हाव्याच्या दुकानात खुर्चीले बांधून. सायकलरिक्षात बसले तर दांडीले बांधून, अन् उतरताना गाठ सुटली नाही तर काकाजी अन् रिक्षावाला दोघंही दहा मिनिटं त्या गाठीवर वाकून. एका लग्नात तर पंगतीत बसले अन् दुपट्टा मागच्या मांडवाच्या खांबाले बांधला. वाढणारा म्हणे, "काकाजी, जेवताना बी काय अॅक्सिडेंट होते?"

काकाजी त्याच्या बादलीत डोकावले अन् म्हणे, "तुह्या रश्श्याचा रंग पाहून तर वाटते होते म्हणून."

मी सुमन. काकाजीच्या समोरच्या घरातली सून. माहेर कुहीकडचं, धानाच्या बांधावर खेळली, चौथी शिकली. पाचवीत शाळा सुटली कारण शाळेच्या रस्त्यात एक गाय राहे अन् ते मलेच ओळखून मारे. तवापासून मी भेते. कशालेही भेते. मिलचा भोंगा वाजला का भेते, लग्नात आलेला कुकर मी दोन वर्षं डब्यातून काढला नाही, फुटला तर? मंग पिंकी झाली तर मले वाटे हे हातातून पडन, नाहीतर मीच हिच्या अंगावर पडन. असं सगळं. पण काकाजीचं कोणीतरी लिहून ठेवलं पायजे, अन् बाकीच्यायले वेळ नाही, म्हणून मी बसली.

तर काकाजी ड्रायवर होते. वीजघराच्या बांधकामावर एक परदेशी साहेब आलता, त्याची गाडी चालवत. काम संपलं, साहेब आपल्या देशात गेला, अन् जाताना गाडी काकाजीले देऊन गेला. कागदं कसे झाले मले नका विचारू, मले आमचं रेशनकार्ड समजत नाही. काकाजीचं घर दहा हाताचं अन् गाडी बारा हाताची. कच्च्या तोंडल्याच्या रंगाची, नावेसारखी लांब. गल्लीत शिरली का दोन्हीकडच्या बाया दारातले वाळवणाचे सुपं उचलत, अन् गाडी गेली का पुन्हा ठेवत.

अन् तिचं स्टेरिंग उलटीकडं, डाव्या हातले. हे आमच्या बुढीले, म्हणजे माह्या सासूले, कोणी सांगतलं नव्हतं. रातीच गाडी घरी आणली होती, अन् दुसऱ्या दिवशी पहल्यांदा गल्लीतून निंघाली तवा बुढी नळावर होती. तिनं सवयीनं ड्रायवरच्या जाग्यावर पाहालं. तथी स्टेरिंग नाही, माणूस नाही, एक दगडाचा पाटा टेकून बसून हाय, अंगावर आडवा पट्टा लावून, अन् गाडी सरळ चालून राहिली.

बुढीनं घागर टाकली अन् बोंबलली, "वं सुमन! धाव वं! पाटा गाडी चालवून राहिला!"

त्या दिवशी मी घरात कडी लावून बसली ते संध्याकाळीच निंघाली.

पाटा काकीचा. काकी म्हणजे काकाजीची बायको, तिले जाऊन तवा पाच वर्षं झाले होते, लेकरू नाही. मी कधी पाहालं नाही तिले, पण बुढी म्हणे का तिच्या हातचं वाटण पाटवडीले पडलं का गल्लीतले कुत्रे बी दारात येऊन शिस्तीत बसत. तो पाटा काकाजीनं गाडीत बसवला. मी विचारलं, काहून? तर म्हणे, "गाडी डाव्या हाताची हाय, बाई. मी डावीकडं बसतो. मंग उजवीकडं वजन नको? बॅलन्स, बाई, बॅलन्स!"

लोक हासत. पण बुढीले हे लवकर पटलं. ती म्हणे, "बारशात वरवंट्याले टोपरं घालून पाळण्यात टाकतोच न आपण? मंग पाटा गाडीत बसला तर काय झालं? त्याचा मोठा भाऊच हाय तो."

आता पट्ट्याचं सांगते. त्या गाडीत समोर दोन पट्टे होते. ड्रायवरच्या बाजूच्या सीटवर कोणी बसलं, चाबी फिरवली, अन् पट्टा नाही लावला, तर आतून आवाज निंघे. भुंर्र्र्र्र. तेलाच्या पिंपात वीस भुंगे कोंडल्यावानी. थांबतच नाही. पट्टा टक् करून लावला का चूप. काकाजी त्या आवाजाले मेमसाब म्हणत. "मेमसाब रागावली," "मेमसाब ऐकत नाही," "मेमसाबपुढं माहं काही चालत नाही." अन् गाडीत कोणी चढून "काकाजी, सीताबर्डीले घ्या" म्हटलं तर काकाजी चाबीवर हात ठेवून समोर पाहत बसत. ऐकूच नाही येत. मंग म्हणत, "पहले पट्टा, मंग पत्ता."

एकदा माहे बाबा गावाहून आले, तांदळाचं पोतं घेऊन. काकाजी त्यायले बसस्टँडवरून आणाले गेले. मागं बाबा अन् त्यायच्या कोंबड्याची टोपली, समोर पोतं. चाबी फिरवली, भुंर्र्र्र. काकाजी उतरले, फिरून गेले, पोत्याले पट्टा लावला, पोत्याच्या तोंडाची सुतळी सरळ केली, परत येऊन बसले.

बाबा म्हणे, "काकाजी, तांदूळ हाय गा तो. माणूस नाही."

काकाजी म्हणे, "मेमसाबले फरक कळत नाही. तिले वजन कळते."

बाबा गावात जाऊन सांगत का सुमनच्या गल्लीत तांदूळ बी पट्टा लावून बसते.

गल्लीतल्या लोकायले हा आवाज पटे नाही. सगळ्यात जास्त धकाते मास्तरले. मास्तर काकाजीच्या भिंतीले भिंत, सकाळी रेडिओवर बातम्या ऐकत अन् बातमी ऐन रंगात आली का इकडून भुंर्र्र्र. मास्तर खिडकीतून ओरडे, "काकाजी, एक वायर तोडाची हाय! एक!"

"सापडत नाही, मास्तर," काकाजी म्हणत. "परदेशी वायर हाय. आपल्या डोळ्याले दिसत नाही."

मी पाहे न आमच्या पडवीतून. काकाजी सकाळी गाडी काढत, चाबी फिरवत, मेमसाब बोंबलाले लागे. तवा काकाजी लगेच पट्टा नाही लावत पाट्याले. काच पुसत, आरसा फिरवत, मिशी पाहत. भुंर्र्र्र चालूच. मंग गल्लीच्या कोपऱ्यापाशी थांबून म्हणत, "हो हो, लावतो न, किती बोलशीन," अन् मंग लावत. रोज असंच. मले वाटे विसरून जाते म्हातारा.

आता पिंकी. पिंकी झाली अन् वीस दिवसाची होऊन रडाले लागली, ते थांबलीच नाही. भूक नाही, ताप नाही, मुंगी चावली नाही, तरी रडे. बेंबीले हिंग लावला, वेखंड उगाळलं. बुढी मीठ-मिरची ओवाळे, पण दार लावून, कारण बुद्धाची दीक्षा घेतली तवा हे सगळं सोडलं होतं घरच्यायनं. दार लावलं का मिरचीचा ठसका आमालेच लागे अन् मंग तिघीबी रडत.

लेकरू रडते, सगळेच रडते. पण आमचे हे कापडाच्या मिलमधी तिसऱ्या पाळीले. रातभर उभं राहून मशीन चालवाची, सकाळी आठले घरी याचं, अन् झोपाची वेळ दिवसाची. घर म्हणजे एक खोली अन् पडवी. ते झोपत अन् पिंकी आरंभ करे. डोक्यावर उशी, उशीवर गोधडी, तरी पिंकी ऐकू ये. दीड महिना माणूस झोपलाच नाही म्हणा न. अन् एका पाळीले मशीनपाशी उभ्या उभ्या डुलकी लागली. बाजूच्या जोडीदारानं मागून बंडी ओढली म्हणून वाचले. करंगळीचं नख गेलं.

नखच गेलं. सगळे म्हणे नखच गेलं. पण मी त्या पट्टी बांधलेल्या बोटाकडं पाहे अन् बाकीचे बोटं मोजे. आज नख, उद्या? मशीन काय थांबून पाहते बोट हाय का सूत हाय ते?

बुढीनं सांगतलं, धरमपेठेत लेकरायचा डॉक्टर हाय, नेऊ हिले. काकाजीनं पडवीतूनच ऐकलं अन् गाडी काढली. पाट्याले मागं बसवलं, त्याच्या बाजूले बुढी, अन् मी पिंकीले घेऊन समोर. मी पहल्यानंच बसली समोर.

"पहले पट्टा," काकाजी म्हणे.

मी म्हटलं, "नाही काकाजी. मले नका बांधू. बांधली अन् गाडी पेटली तर मी पळन कशी?"

"गाडी काहून पेटन वं?"

"अन् नाल्यात गेली तर?"

"नाला कुठी हाय धरमपेठेच्या रस्त्यात?"

"मंग असला तर?"

काकाजीनं चाबी फिरवली. मेमसाब सुरू झाली, भुंर्र्र्र. अन् पिंकी चूप.

मी म्हटलं मेली का काय. नाकापाशी बोट नेलं. श्वास चालू. डोळे मिटलेले. मुठी उघडल्या. दीड महिन्यानं मी त्या मुठी उघड्या पाहाल्या.

"काकाजी," मी हळूच म्हटलं, "झोपली."

काकाजी म्हणे, "आता लाव पट्टा."

लावला. टक्. मेमसाब चूप अन् पिंकी ट्यां! काढला, भुंर्र्र्र, पिंकी गप. पुन्हा लावला, ट्यां! बुढी मागून म्हणे, "वं, ह्या पोरीले बटन हाय का काय!"

आता काकाजीची पंचाईत झाली. गाडी गल्लीत आली तवापासून समोर बिना पट्ट्याची सवारी त्यायनं नेली नाही. उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली, दोन मारल्या, बोनटले टेकून उभे राहिले. "नियम म्हणजे नियम," स्वतःशीच म्हणे. मंग आत वाकून पिंकीकडं पाहत. "अन् पोरगी म्हणजे पोरगी." पुन्हा चक्कर. घरातून आमच्या ह्यायच्या घोरण्याचा आवाज आला, पहल्यांदाच. काकाजीनं ते ऐकलं. मागचं दार उघडलं, पाटा उचलला, धापा टाकत समोर आणून बसवला, अन् मले म्हणे, "तू मागं जा."

पाट्याले पट्टा नाही. मेमसाब वाजून राहिली.

मी म्हटलं, "काकाजी, पाट्याले पट्टा?"

"पाट्याले लागत नाही."

"मंग इतके दिवस?"

काकाजी आरशात पाहून म्हणे, "चूप बस."

आमी असे भुंर्र्र्र करत धरमपेठेत गेलो. चौकातल्या पोलिसाले वाटलं का काही सरकारी गाडी हाय, त्यानं दोन्हीकडचे सायकलवाले थांबवले अन् पाट्याले सलाम ठोकला. डॉक्टरनं पिंकीले उलटं सुलटं पाहालं अन् म्हणे, "पोरगी चांगली हाय. दोनचार महिन्यात आपोआप रडणं सुटन. आई लय घाबरट दिसते. औषध कोणाले लिहू?"

दुसऱ्या दिवसापासून काकाजीचा नेम सुरू झाला. सकाळी आमचे हे घरी येत, भाकर खात, अन् आडवे झाले का गल्लीच्या तोंडाशी निंबाखाली गाडी उभी. समोर पाटा, मागं मी अन् पिंकी, अन् मेमसाब भुंर्र्र्र. साडेअकरापर्यंत. काकाजी आपल्या जाग्यावर पट्टा लावून बसत, गाडी उभीच असली तरी. मले सांगत, साहेब कसा वांग्याले हात लावे नाही, पण संत्र सालीसकट खाये. पिंकी झोपे, घरी हे झोपत, अन् मी बी डुलकी घेई. पाटा समोर बसून राही.

पण एका पोरीले झोपवाले गल्ली जागी. अन् पाचव्या दिवशी गाडीची बॅटरी बसली, तर गल्लीतल्या माणसायनंच धक्का मारला. पाटा समोर राणीवानी बसून अन् मागून धकाते मास्तर लुंगी खोचून ढकलून राहिले. त्या दिवशी मास्तरचं डोकं फिरलं. ते सीताबर्डीले गेले अन् रेडिओ दुरुस्त करणाऱ्या इस्माइल मिस्त्रीले घेऊन आले.

"काकाजी," मास्तर म्हणे, "तुमाले वायर सापडत नाही न? मिस्त्रीले सापडन."

गल्ली जमा झाली.  मिस्त्रीनं पाटा बाहेर काढला, निंबाले टेकवला, सीट उचलली, खाली डोकं घातलं. दोन मिनिटं बी नाही लागले.

आतूनच म्हणे, "अरे काकाजी! ये वायर तो किसीने पहलेच काटा है. फिर जोडा है. टेप लगाया, टेप के ऊपर सुतळी बी लपेटा. पक्का काम है!"

सगळे काकाजीकडं पाहाले लागले. कोणी हासलं. मास्तर म्हणे, "म्हणजे तुमाले मालूम होतं? एक वर्ष झालं आमचे कान खाऊन राहिले अन् तुमाले वायर मालूम होती?"

काकाजीच्या हाताले काय करावं ते सुचेना. त्यायनं दुपट्टा खांद्यावरून काढला, कमरेले गुंडाळला अन् दुसरी खाट-खुर्ची नव्हती म्हणून गाडीच्या दाराच्या मुठीले गाठ मारली. तसेच उभे राहिले, दाराले बांधून, खाली पाहत.

मिस्त्रीनं पकड काढली. "तो काट दूँ?"

मी तवापर्यंत कधी माणसायपुढं बोलली नव्हती. बाजारात बी बुढीच्या कानात सांगे अन् बुढी भाव करे. पण ते पकड पाहाली अन् माह्या तोंडातून निंघूनच गेलं, "नका तोडू न! नका तोडू भाऊ! पिंकी रडन, मंग हे झोपणार नाही, मंग मशीनमधी हात जाईन त्यायचा! नख गेलं, आता हात जाईन!" अन् मंग मी रडाले लागली अन् मले रडताना पाहून पिंकी बी.

 मास्तरनं लुंगी सोडून सरळ केली. त्यायच्या भावाचे दोन बोटं त्याच मिलमधी गेलते, हे मले बुढीनं मंग सांगतलं.

काकाजी म्हणे, "तोडा, मिस्त्री."

मी त्यायच्याकडं पाहतच राहिली.

"तोडा. पण फेकू नका. आतून पुरी काढा अन् माह्या हातात द्या."

मिस्त्रीनं मेमसाब काढली. मले वाटे किती मोठी असन, तर काय, आंब्याच्या कोयीएवढी, काळी. काकाजीनं ते तळहातावर ठेवून पाहाली. मंग घरातून वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणला, कोणाच्या तरी मोडक्या स्कूटरची बॅटरी आणली, अन् दोघं निंबाखाली बसले. मिस्त्री म्हणे, "काकाजी, ये छोटी बॅटरीपे एकदम धीमा बजेगा."

"धीमाच पायजे," काकाजी म्हणे. "पोरीचा कान केवढा हाय."

डब्यात खाली चिंध्या, त्यावर मेमसाब, झाकणाले खिळ्यानं भोकं पाडले, बाजूले टेबलफॅनचं बटन लावलं. पिंकीच्या पाळण्याखाली ठेवला अन् बटन दाबलं. भुंर्र् नाही, नुसतं हुंऽऽ, एखादी म्हातारी झोपेत गाणं म्हणून राहिल्यावानी. पिंकी झोपली. हे झोपले. मास्तरनं खिडकी उघडून बातम्या ऐकल्या, हवामानापर्यंत. बॅटरी उतरली का काकाजी ते बगलेत मारून नेत अन् दुकानातून भरून आणत.

करंगळीले नवीन नख आलं. जरा वाकडं आलं, पण आलं.

असे दोन महिने गेले असतीन. मी पिंकीत. मंग एका सकाळी मी पडवी सारवत होती अन् समोर पाहालं तर काकाजी खाटेवर बसून चहा पिऊन राहिले, अन् दुपट्टा खांद्यावर. गाठ नाही. नुसतेच बसून.

मी म्हटलं ना, मी कशालेही भेते. पण तशी मी कधी नव्हती भेली. हातातला पोतेरा तसाच राहिला.

मंग पाहालं तर गाडीवर निंबाचा पाला. टपावर मांजर वेलेली, तीन पिलं. म्हणजे किती दिवसाची जाग्यावर हाय? पाटा आत बसून हाय, पट्टा लावलेला, त्याच्यावर बी धूळ.

बुढी म्हणे, "म्हातारा झाला वं तो, आता." पण दोन महिन्याआधी तर नव्हता झाला.

मी पिंकीले बुढीजवळ दिलं, पोह्याची बशी घेतली अन् गेली. "काकाजी, गाडी काहून नाही काढत?"

"काढतो न. महिन्याआधी काढली होती, कोपऱ्यापर्यंत."

"मंग?"

"परत आणली." पोहे खाल्ले थोडे. मिरची बाजूले काढली. "लय चूप झाली वं गाडी."

मी उभीच. काकाजी बशीतच पाहून बोलले. "साहेब बसे बाजूले, तवा ती वाजे. साहेबाले ते आवडे नाही, म्हणून मीच तोडली होती. मंग साहेब गेला. घरी आलो, तर घरात तर पहलेच कोणी नव्हतं. तवा जोडली." मंग म्हणे, "रिकामी सीट कधी वाजत नाही, सुमन. कोणी बसून असन तरच वाजते."

 मी चौथी शिकलेली. मी बशी घेऊन आली.

घरी येऊन पाळण्यापाशी बसली. पिंकी झोपून होती, खालून हुंऽऽ चालू. हे गोधडीवर पसरलेले, उजवा हात डोक्याशी, पाचही बोटं. डॉक्टर म्हणे होता दोनचार महिन्यात सुटन. सुटलं असन तर? नसन सुटलं तर? मी बटनावर बोट ठेवलं अन् काढलं, असं सात वेळा झालं. मंग डोळे मिटून दाबलं.

चूप.

मी मोजाले लागली. मले शंभरापर्यंत चांगलं येते. शंभर झाले, पिंकी हालली नाही. पुन्हा पहल्यापासून मोजले. पिंकीनं कूस बदलली, ओठ चाटले, अन् झोपली. हे बी झोपून. म्हणजे पोरीचं कधीच सुटलं होतं अन् मी भेवानं डबा वाजवत बसली होती.

मी डबा उचलला अन् काकाजीच्या खाटेवर नेऊन ठेवला.

"काय झालं? बॅटरी गेली?"

"नाही काकाजी. मेमसाबचं माहेरपण झालं. घरी आणली."

काकाजीनं डब्याकडं पाहालं. माह्याकडं पाहालं. "पोरगी?"

"झोपून हाय. बिना आवाजाची."

काकाजी उठले. मांजरीचे पिलं एकेक करून मास्तरच्या ओट्यावर ठेवले. चहा उकळाले लागते तेवढ्या वेळात त्यायनं मेमसाब आत बसवली, वायर जोडली, टेप लावला, अन् वरून सुतळी. मंग बॅटरीची तार काढून घासली, अन् पाट्याची धूळ दुपट्ट्यानं पुसाले लागले.

मी म्हटलं, "पाट्याले मागं बसवा."

"काहून?"

"मी बसते समोर."

बुढी पिंकीले घेऊन पडवीत आली होती, ती ओरडली, "सुमन, तू? समोर? एकटी?" मी तशीच गाडीकडं गेली, बोलली असती तर धीर गेला असता. काकाजीनं पाटा मागं नेला. मी चढली, पदर आवरला, दार लावलं. काकाजी आपल्या बाजूनं बसले, स्वतःचा पट्टा टक् करून लावला, अन् चाबी फिरवली.

भुंर्र्र्र्र्र.

काकाजी सीटवर सरळ झाले. आरसा फिरवला, मिशी पाहाली.

"पहले पट्टा—"

"मंग पत्ता, मालूम हाय काकाजी. लावते न."

मी पट्टा डाव्या बाजूले शोधला. मंग उजव्या बाजूले शोधला. पदराखाली पाहालं. "सापडून नाही राहिला न हा," म्हटलं. पट्टा माह्या हातातच होता. काकाजीनं पाहाला. अन् काच पुसाले लागले.

मास्तरची खिडकी उघडली. "काकाजी! पुन्हा सुरू झालं का हे?"

"मास्तर," काकाजी केवढ्यानं ओरडले, "सवारी बसून हाय!"

खिडकी जराशी उघडी राहिली अन् मंग हळूच लागली. मेमसाब वाजून राहिली अन् मी पट्टा शोधून राहिली. पट्टा लावल्याशिवाय काकाजी गाडी हालवत नाही, हे मले पक्कं मालूम होतं, म्हणून मले भेव बी नाही वाटलं. गाडी कुठी जाऊन राहिली नव्हती.